सोन्याची तार आणि कानाची पाळी

संत जनाबाईंचे जन्मगाव म्हणून वारकरी महाराष्ट्राला जे ठाऊक आहे, आणि दक्षिणकाशी म्हणून ज्याच्या घाटावर आसपासच्या जिल्ह्यांतील माणसे पर्वकाळी गोदास्नानासाठी व एरवी अस्थिविसर्जनासाठी येत असतात, त्या गंगाखेडच्या बाजारपेठेत सराफाच्या दुकानाची पायरी चढणारा प्रत्येक इसम दागिना करायलाच आलेला असतो असे नाही. एखादी आजी नातवंडाला कडेवर घेऊन येते. एखादी लग्न ठरलेली मुलगी नथ घालता यावी म्हणून नाक टोचून घ्यायला मावशीबरोबर येते. आणि हल्ली महाविद्यालयात शिकणाऱ्या दोघी-तिघी मिळून कानाच्या वरच्या कडेला आणखी एक भोक पाडून मिळेल का, अशी चौकशी करीत येतात. ही सारी कामे सोनार एकाच तारेने उरकू शकेल असे वरवर पाहणाऱ्याला वाटते. परंतु शरीररचनेच्या दृष्टीने ती एकमेकांपासून फार भिन्न आहेत, आणि तो भेद जाणून न घेतल्यामुळे कितीतरी कोवळे कान हकनाक पिकतात. म्हणून या विषयाकडे नुसती हौस किंवा नुसता संस्कार म्हणून न पाहता एक जखम म्हणून, आणि तीही जाणूनबुजून करून घेतलेली जखम म्हणून, पाहणे मला अगत्याचे वाटते.

प्रथम सोनाराचा हात पाहावा. जुन्या वळणाचा सोनार पोलादी पट्टीच्या एकाहून एक लहान भोकांतून सोन्याची तार ओढून ती सुतासारखी बारीक करतो, तिचे एक टोक कानशीने घासून अणकुचीदार करतो, आणि मग लेकराच्या दोन्ही पाळ्यांवर शाईचा ठिपका देऊन ते ठिपके घरच्यांना दाखवतो. “मामा, दोन्ही कान सारखे दिसले पाहिजेत बरं,” असे आजीने बजावले, की तो म्हणतो, “माय, ठिपका तुम्हीच बघा. तुम्ही हो म्हटल्याबिगर मी तारेला हात लावत नाही.” आजी डोळे बारीक करून समोरून पाहते, मग लेकराची मान आपल्या हाताने वळवून बाजूने पाहते, एक ठिपका किंचित खाली घ्यायला लावते. त्यानंतरचे काम इतके त्वरेने होते, की डाव्या हाताच्या दोन बोटांत पाळी ताणून धरली केव्हा, तार आरपार गेली केव्हा आणि पलीकडून चिमट्याने ओढून घेतली केव्हा, हे पाहणाऱ्याला सांगता येत नाही. लेकराने टाहो फोडेपर्यंत तारेची दोन्ही टोके वळवून तिची बाळी झालेली असते. तारेच्या सोन्याचे पैसे वजनाप्रमाणे. टोचण्याचा मेहनताना मात्र पुष्कळ ठिकाणी अद्यापि घरच्यांच्या मर्जीवर सोडलेला असतो.

या पद्धतीत जे शहाणपण आहे ते नीट पारखून घेतले पाहिजे. जी तार टोचते तीच जखमेत राहते, त्यामुळे आधी सुई, मग दागिना, असा दुहेरी प्रवास ताज्या जखमेतून होत नाही. तार बारीक आणि धारदार असल्यामुळे पाळीचे मांस चेचले जात नाही. शिवाय सोन्याचा धातू शरीराला सहसा झोंबत नाही. बावीस कॅरटच्या सोन्यात हजारी 916 भाग सोने असून उरलेला हीण सामान्यतः तांबे-चांदीचा असतो. याउलट बाजारात मिळणाऱ्या नकली दागिन्यांत निकेल नावाचा धातू पुष्कळदा मिसळलेला असतो, आणि निकेलची बाधा ही जगभर आढळणारी, एकदा जडली की सहसा आयुष्यभर न सुटणारी पीडा आहे. कानाला खाज सुटते, पाणी झरते, खपली धरते आणि घरचे लोक ‘कान पिकला’ म्हणून तेल-हळद लावीत बसतात, पण तेथे पू नसतोच. दागिना बदलल्याखेरीज ती खाज थांबत नाही. युरोपातील राष्ट्रांनी 1994 साली टोचलेल्या अंगात घालावयाच्या दागिन्यांतील निकेलवर कायद्याने बंधन घातले. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया ‘पहिली बाळी सोन्याचीच हवी, मग ती गुंजभर का असेना’ असा जो हट्ट धरतात, त्याला अशा रीतीने शास्त्राची पुष्टी आहे.

शास्त्राचा उल्लेख आलाच आहे, तर सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळावा अध्याय ज्यांनी वाचला नसेल त्यांनी तो अवश्य वाचावा. कर्णवेध आणि फाटलेल्या कानाचे संधान हाच त्या अध्यायाचा विषय आहे, आणि त्यातील निरीक्षणाची सूक्ष्मता पाहून मन थक्क होते. बालकाचे कान रक्षणासाठी आणि भूषणासाठी टोचावेत, सहाव्या किंवा सातव्या महिन्यात टोचावेत, दाईच्या मांडीवर बसवून खेळण्यांनी रमवावे, आणि पाळी ओढून धरल्यावर सूर्याच्या किरणांनी जो भाग आतून उजळलेला दिसेल तेथेच सरळ आणि सावकाश वेध करावा, असे तो आचार्य सांगतो. पाळी पातळ असेल तर सुई, जाड असेल तर आरा. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा. वेध चुकला हे ओळखायचे कसे, तर रक्त फार आले आणि वेदना फार झाली की जागा चुकली असे समजावे. उन्हात पाळी पाहण्याचा हेतू उघड आहे: रक्तवाहिनी सावलीसारखी दिसते व ती टाळता येते. अज्ञ माणसाने भलत्या शिरेवर टोचले तर ज्वर, दाह, सूज, गाठी असे जे उपद्रव त्याने सांगितले आहेत, त्यांतच मान ताठणे आणि अपतानक यांचाही निर्देश आहे; अपतानकाचे वर्णन आजच्या धनुर्वाताशी पुष्कळ जुळते. कान टोचण्यासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या कृत्यातून माणूस आकडी येऊन दगावू शकतो, हे या देशातील वैद्यांच्या ध्यानात इतक्या पूर्वी आले होते. वेध झाल्यावर भोकात कापसाची वात ठेवावी, तेल शिंपडावे आणि दर तीन दिवसांनी वात थोडी जाड करावी, ही शुश्रूषाही तेथे दिलेली आहे. आणि वाकडी, बोथट सुई वापरल्याने किंवा वात फार घट्ट बसवल्याने सूज आली, तर वात काढून लेप लावावा व कान पूर्ण भरून आल्यावरच पुन्हा टोचावे, असे बजावलेले आहे.

नाकाची गोष्ट मात्र निराळी. ज्या मराठवाड्यात गंगाखेड वसलेले आहे त्याच मराठवाड्यात अजिंठा आणि वेरूळ आहेत. तेथील चित्रे आणि शिल्पे पाहताना कानांत जड कुंडले, लोंबणाऱ्या पाळ्या, गळ्यात हार, कमरेला मेखला हे सारे आढळते, पण नाकात काही दिसत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेवर एक स्वतंत्र लेख लिहून प्राचीन संस्कृत वाङ्मयात या अलंकाराचा मागमूस लागत नाही, असे साधार दाखवले. ज्या नथीवाचून मराठी वधूचे मुख आपल्याला अपुरे वाटते, ती कानातल्या कुंडलांच्या मानाने अगदी अलीकडची आहे. तरीही ती इथल्या आयुष्यात किती खोल रुजली, हे तांड्यांवरच्या बंजारा स्त्रियांच्या नाकातील भुरिया पाहिली किंवा ज्या घरात मुले जगत नसत तेथे नवसाने झालेल्या मुलाचे नाक टोचून त्याचे नाव नथू ठेवण्याचा जुना शिरस्ता आठवला म्हणजे कळते.

आता कानाच्या वरच्या कडेकडे वळू, कारण आजच्या तरुण मुलींचे बहुतेक दुखणे तेथे आहे. ही हौस परकी आहे असे म्हणून तिच्यावर डोळे वटारणाऱ्यांनी बुगडी कोठे घालतात आणि पेशवाईतील पुरुष भिकबाळी कोठे घालीत, हे आठवून पाहावे. निजामी राजवटीतील दख्खनी मुसलमान घराण्यांत कानाच्या कडेने बाळ्यांची रांग घालण्याची चाल होतीच. आणि नाथपंथी योगी तर दीक्षेच्या वेळी कानाच्या मधल्या कूर्चेलाच छेद घेऊन त्यात मुद्रा धारण करतात. तेव्हा हौस जुनीच आहे; तिची पूर्ती करण्याचे साधन तेवढे बदलले आहे. सोनाराच्या तारेऐवजी आता शहरांतल्या दुकानांत आणि पार्लरमध्ये स्प्रिंगच्या जोरावर चालणारी बंदूक आली. ही बंदूक धारदार सुईने भोक पाडीत नाही. दागिन्याचीच बोथट दांडी जोराने आरपार ठोसते. मऊ पाळीत हे एक वेळ खपून जाते. वरच्या कडेला मात्र कातडीखाली कूर्चा असते, आणि कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून तिला पोषण मिळते. बंदुकीच्या धक्क्याने ती कूर्चा चिरडली, आवरण सुटले आणि त्या फटीत जंतू शिरले, म्हणजे रक्ताच्या अभावी शरीराची प्रतिकारशक्ती तेथे वेळेवर पोहोचत नाही, पू साचतो, कूर्चा मरते आणि कानाचा घाट कायमचा बिघडतो. शिवाय यंत्राचे प्लास्टिकचे अंग वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करता येत नाही. ते नुसते पुसतात. 2000 साली अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात दागिन्यांच्या एका ठेल्यावर वरचे कान टोचून घेतलेल्या कित्येकांना स्यूडोमोनास नावाच्या जंतूची बाधा झाली, काहींना रुग्णालयात दाखल व्हावे लागले, आणि तपासाअंती तो जंतू ज्या बाटलीतून जंतुनाशक फवारले जाई त्या बाटलीतच सापडला. ज्या जंतूमुळे पाळी पिकते त्याच्यावरची नेहमीची गोळी या दुसऱ्या जंतूवर चालत नाही. म्हणून वरचा कान लाल, गरम आणि ठणकता झाला, की घरगुती उपायांत एक दिवसही न दवडता डॉक्टरांना दाखवले पाहिजे.

टोचल्यानंतरची निगा हा या विषयाचा गाभा असून नेमके त्याच बाबतीत आपल्या घरांतून खऱ्याखोट्याचे मिश्रण पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. पाळीची जखम सुमारे सहा ते आठ आठवड्यांत भरते. नाकपुडीला दोन ते चार महिने, क्वचित त्याहून अधिक लागतात. वरच्या कूर्चेला सहा महिने ते वर्ष. बोगदा दोन्ही तोंडांकडून खणत आणावा तशी नवी त्वचा भोकाच्या पुढच्या व मागच्या बाजूने आत वाढत जाते आणि मध्यावर मिळते. बाहेरून कान बरा दिसला तरी आतले काम चाललेलेच असते. म्हणून ‘रोज बाळी फिरवत जा, नाहीतर चिकटेल’ हा उपदेश, कितीही मायेने केलेला असला तरी, आता सोडून दिला पाहिजे. फिरवल्याने बाहेरची वाळलेली खपली आत ओढली जाते आणि कोवळी त्वचा फाटते. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ, किंवा औषधाच्या दुकानात मिळणारे तयार सलाईन, एवढ्याने दिवसातून दोनदा हात स्वच्छ धुऊन जखम पुढून-मागून भिजवावी, खपली आपोआप सुटू द्यावी आणि स्वच्छ कोरड्या फडक्याने टिपून घ्यावी. स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साईड ओतल्याने जंतूंबरोबर नव्या पेशीही मरतात.

हळदीविषयी लिहिताना लेखणी जरा अडखळते, कारण आपल्याकडे हळदीविरुद्ध बोलणे म्हणजे आजीविरुद्ध बोलणे. हळदीत गुण आहेत हे कोणी नाकारीत नाही. परंतु स्वयंपाकघरातल्या डब्यातील हळद, जिच्यात दिवसातून अनेकदा ओला-खरकटा चमचा बुडतो, ती उघड्या जखमेत दाबून भरणे आणि तिचे कण तेलाबरोबर तेथे आठवडाभर राहू देणे, ही निर्जंतुक शुश्रूषा खासच नव्हे. भोक बुजू नये म्हणून कडुलिंबाची किंवा केरसुणीची काडी घालण्याची चाल तर मला साक्षात भयावह वाटते, कारण धनुर्वाताचे जंतू बीजरूपाने मातीत आणि धुळीत वर्षानुवर्षे राहतात आणि केरसुणी त्याच धुळीतून फिरत असते. आंबट खाऊ नको, वांगे खाऊ नको, ही पथ्ये निरुपद्रवी आहेत, पण निराधार आहेत. दुसऱ्या बाजूला, थंडीच्या दिवसांत टोचावे, ही म्हाताऱ्यांची सूचना घामाचा आणि धुळीचा विचार करता सयुक्तिक आहे, मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तर विशेषच. ज्यांचे कान-नाक नुकतेच टोचले आहेत त्यांनी गोदावरीत डुबकी मारण्याचे पुण्य एखाद्या हंगामापुरते लांबणीवर टाकावे. काठावर हातपाय धुवावेत, पण डोके बुडवू नये. आणि हा अंक हातात पडेल तेव्हा अभ्यंगस्नानाची घाई चाललेली असेल, म्हणून सांगतो, की लेकरांना उटणे लावताना नव्या भोकाभोवतीची जागा तेवढी सोडावी. उटण्याचा भरड कण बाळीच्या मागे अडकला की चार दिवसांत तेथे सूज धरते.

फिरकीचाही एक स्वतंत्र उपद्रव आहे. तान्ह्या मुलींना सोनाराच्या साध्या तारेऐवजी मागे फिरकी असलेली कुडी घालण्याचा प्रघात वाढला आहे; ती हरवू नये म्हणून घरचे लोक घट्ट आवळतात, पाळी सुजते, आणि फिरकी मांसात रुतून दिसेनाशी होते. ती काढायला मग शस्त्रक्रियेचा प्रसंग येतो. दांडीला सुजेपुरती मोकळी जागा राहिलीच पाहिजे. पिकलेल्या पाळीतून बाळी घाईने उपसून टाकू नये. भोक वरून मिटते आणि पू आत कोंडतो. काढायची की ठेवायची हे डॉक्टरांनी ठरवावे.

वयाविषयी मतभेद आहेत. बारशालाच टोचावे असे कोणी म्हणतात. माझे मत असे, की सरकारी लसीकरणात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला धनुर्वात व कावीळ-बी यांवरील जे डोस मिळतात ते पुरे झाल्यावरच टोचावे. सुश्रुताचा सहावा-सातवा महिना आणि आजचे लसीकरण यांचा मेळ आश्चर्यकारक रीतीने बसतो. मोठेपणी टोचणाऱ्या मुलींनी दहाव्या आणि सोळाव्या वर्षीची लस झाली आहे की नाही ते पाहावे. ज्यांच्या घरात जखमेच्या जागी जाड, वाढत जाणारा वण, ज्याला डॉक्टर केलॉइड म्हणतात, तो उठण्याची प्रवृत्ती आहे, त्यांनी तरुणपणी नवी भोके पाडण्याचा मोह शक्यतो आवरावा. वाढत्या वयात टोचलेल्या कानांवर केलॉइड अधिक उठतो असे अनुभवास आले आहे.

गंगाखेड-परळी-लातूरच्या पट्ट्यात आणखी एक गोष्ट सांगणे जरूर आहे. येथील घराघरांतून वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेची तयारी चाललेली असते, आणि त्या परीक्षेच्या दालनात कर्णभूषणे, चमकी, साखळी असले काहीही चालत नाही. दोन महिन्यांपूर्वी टोचलेल्या नाकातली चमकी त्या दिवशी काढली, तर परीक्षा संपून बाहेर येईपर्यंत भोक आकसते, ती परत घालताना रक्त येते, आणि मुलीचे लक्ष पेपरावर राहावे तिथे नाकावर जाते. परीक्षा उन्हाळ्यात येते; तेव्हा नाक टोचायचे तर ते परीक्षा आटोपल्यावर, किंवा निदान वर्षभर आधी.

जड झुब्यांनी ओघळलेली भोके आणि फाटलेल्या पाळ्या हा या भागातील प्रौढ स्त्रियांचा नित्याचा त्रास. जुन्या बायका वेल किंवा साखळी केसांत अडकवून वजनाचा भार पाळीवरून काढून घेत, ती युक्ती आजही उपयोगी आहे. बाजारांतून ‘फाटलेले कान जोडून मिळतील’ अशा पाट्या दिसतात. तेथे कसला द्रव लावतात हे विचारून घेतल्याखेरीज पाळी पुढे करू नये, कारण हे काम तीव्र आम्लाने कडा जाळून करण्याची रीत आहे आणि ते आम्ल अशिक्षित हाती पडले तर पाळी भाजते. सुश्रुताने कर्णसंधानाचे पंधरा प्रकार सांगितले. आज शल्यचिकित्सक जागा बधिर करून, कडा ताज्या करून टाक्यांनी पाळी सांधतो, आणि पुन्हा टोचायचे ते काही महिने थांबून, व्रणाच्या रेषेपासून जरा बाजूला.

या सगळ्याचा विचार करता सोनाराकडून हे काम काढून घ्यावे असे मला मुळीच वाटत नाही. त्याच्या हातासारखा हलका हात डॉक्टरांतही क्वचित सापडतो. त्याच्या दुकानात ज्या दोन गोष्टी नाहीत, त्या गंगाखेडच्या उपजिल्हा रुग्णालयात आहेत: वाफेच्या दाबावर 121 अंश उष्णतेत निर्जंतुक करण्याचे यंत्र, आणि वापरलेल्या सुया टाकण्याची पांढरी, न फुटणारी पेटी, जी 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनी सक्तीची केली आहे. शेगडीच्या ज्वाळेवर तार धरणे किंवा ती उकळत्या पाण्यात बुडवणे पुरेसे नाही; धनुर्वाताचे बीज उकळण्याला दाद देत नाही, आणि एकाच्या कानातून निघालेले साधन निर्जंतुक न करता दुसऱ्याच्या कानाला लागले तर कावीळ-बी त्याच वाटेने जाते. सोनारांनी तारा वळवून, कागदी पाकिटांत घालून, आठवड्यातून एकदा रुग्णालयात निर्जंतुक करून घ्याव्यात, हातमोजे घालावेत, आणि सुई वापरलीच तर ती एकदाच वापरून त्या पेटीत टाकावी. रुग्णालयानेही त्यांना या कामी दारात उभे न ठेवता एक वार नेमून द्यावा. सराफांच्या संघटनेने एक अर्ज करायचा आणि वैद्यकीय अधीक्षकांनी त्यावर सही करायची, एवढाच हा कारभार आहे, आणि तो याच थंडीत, टोचण्याचा हंगाम सुरू होण्याआधी, होऊ शकतो.